रंगाखालचं पाणी : जुन्या गाडीचं रंगकाम बिघडलं तर गॅरेजवाल्याशी कसं बोलावं

जुन्या गाड्यांवरच्या आपल्या गप्पांमध्ये आज इंजिन नाही, कार्बोरेटर नाही. आज रंग. आणि रंगापेक्षाही, रंग बिघडल्यावर होणारं भांडण. हे भांडण मी स्वतः केलं आहे, सुरुवातीला चुकीच्या पद्धतीने केलं आहे, म्हणून त्याबद्दल बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजतो.

आमचं घर वडोदऱ्याचं. तीन पिढ्या इथे झाल्या, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती. दारात उभी असते ती बाबांची १९७९ ची प्रीमियर पद्मिनी. ही गाडी मुळात इटलीच्या फियाटची ११००. आपल्याकडे ती बनवली प्रीमियर ऑटोमोबाइल्सने, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या कंपनीने, कुर्ल्याच्या कारखान्यात. 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ मध्ये मिळालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी गेली तेव्हा बाबांनी ती बातमी कापून गाडीच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवली. आमची मात्र फिकट आकाशी. आरसी बुकातसुद्धा निळा रंगच लिहिलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी बाबांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. बाबांची एकच इच्छा होती, की हॉलपर्यंत आपल्या गाडीतून जायचं. गाडी चालत होती, पण रंग पार उतरला होता, दारांच्या खालच्या कडा गंजाने खाल्लेल्या, रनिंग बोर्डाला हात लावला की पापुद्रे हातात यायचे. अक्षय तृतीया झाल्यावर गाडी एका गॅरेजला दिली. ठरले एक लाख दहा हजार, मुदत सहा आठवडे. कार्यक्रम जुलैच्या शेवटी. मधे भरपूर वेळ आहे असं मला वाटलं.

गाडी कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मिळाली. संध्याकाळ होती, गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली ती आरशासारखी चमकत होती. उरलेले तीस हजार तिथल्या तिथे देऊन टाकले. कार्यक्रम छान झाला. बाबा पुढच्या सीटवर बसून हॉलपर्यंत गेले, नातवंडांनी फोटो काढले.

तीन आठवड्यांनी बाबांनी मला हाक मारली. ते रोज सकाळी फडक्याने गाडी पुसतात. म्हणाले, "अरे, हिला पुरळ उठलंय." उजव्या दाराच्या खालच्या बाजूला आणि मागच्या मडगार्डवर मोहरीएवढे फोड होते. मग मी उन्हात गाडी नीट बघितली. बॉनेटवर बारीक बारीक खळगे, आणि डावं दार बाकीच्या गाडीपेक्षा किंचित हिरवट.

मी तडक गॅरेजवर गेलो आणि चार माणसांसमोर मालकाला म्हणालो, "तुम्ही मला फसवलंत." ही माझी पहिली चूक. मालक माझ्याच वयाचा, त्याच्याकडे दोन गिऱ्हाईकं बसलेली. तो म्हणाला, "साहेब, गाडी नेली तेव्हा तर खूश होता. पावसात उभी केलीत, आता आम्ही काय करणार?" संवाद तिथेच संपला. कारण मला काय बिघडलंय ते सांगता येत नव्हतं, फक्त बिघडलंय एवढंच सांगता येत होतं.

म्हणून मंडळी, भांडायच्या आधी रंग समजून घेऊ.

रंग म्हणजे एक थर नव्हे

सगळ्यात खाली पत्रा. त्यावर गंज रोखणारा प्रायमर, आजकाल बहुतेक इपॉक्सी. खड्डे असतील तिथे लांबी, म्हणजे हार्डनर घालून लावायची पुटी. मग सर्फेसर, तो घासून सपाट करायचा. मग रंग. आणि शेवटी, रंगाचा प्रकार तसा असेल तर, क्लिअर कोट. जुने पेंटर ज्याला अजून 'ड्यूको' म्हणतात तो सेल्युलोजचा रंग थिनर उडून वाळतो, म्हणून त्यावर पुन्हा थिनरचं फडकं घासलं की रंग फडक्याला येतो. आताचा टू-के रंग हार्डनरबरोबरच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतो, तो तसा सुटत नाही. जुना थर कुठल्या प्रकारचा आहे हे न बघता त्यावर नवा मारला तर खालचा थर सुरकुततो. जुन्या गाडीत ही परीक्षा आधी करणं फार गरजेचं असतं, कारण तिच्या अंगावर चाळीस वर्षांत किती हातांनी काय काय मारलेलं असतं हे कुणालाच माहीत नसतं.

जाडी मोजायचं एक छोटं यंत्र मिळतं. पत्र्यावर टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. कारखान्यातून आलेला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा असतो, व्यवस्थित दुसऱ्यांदा रंगवलेली गाडी दोनशे-तीनशे दाखवते. आकडा हजाराच्या वर गेला की खाली लांबी आहे असं समजावं. लांबी असणं हा गुन्हा नाही. दोन-तीन मिलिमीटरपर्यंत लांबी चालते. पण गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा बसवण्याऐवजी भोकावरच लांबी थापली असेल तर तो गुन्हा आहे. यंत्र नसेल तर फ्रिजला लावायचं चुंबक मऊ कापडात गुंडाळून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा खोल आहे किंवा पत्राच नाही.

दोष तीन टोपल्यांत टाका

व्हिडिओत मी टॉर्च आडवी धरून दाखवलं होतं, इथे शब्दांत सांगतो. गाडी धुऊन, कोरडी करून, सकाळच्या उन्हात उभी करा. मग सावलीत घेऊन टॉर्च पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. दोष दिसला तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याला नंबर द्या. फोटो दोन काढा, एक लांबून, एक जवळून.

पहिली टोपली, पॉलिशने जाणारे दोष. रंगावर बसलेली धूळ, संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा, एखादा बारीक ओघळ. दोन हजार नंबरचा पाण्याचा पेपर आणि रबिंग कंपाउंड, अर्ध्या दिवसाचं काम. यावरून कुणाशी वैर घेऊ नये. फक्त वर पुरेसा थर शिल्लक आहे ना, एवढं बघावं.

दुसरी टोपली, तो भाग पुन्हा रंगवावा लागेल असे दोष. गोल खळगे, ज्यांच्या मध्यभागी खालचा थर दिसतो, त्यांना पेंटर लोक 'माशाचे डोळे' म्हणतात. हे तेलामुळे किंवा सिलिकोनमुळे होतात. डॅशबोर्ड चमकवायचं, टायर काळे करायचं जे पॉलिश असतं त्यात सिलिकोन असतं, आणि ज्या शेडमध्ये ते फवारतात त्याच शेडमध्ये रंग मारला की हे डोळे उघडतात. आमच्या बॉनेटवर तेच होते. सुईच्या टोकाएवढी भोकं असतील तर थर घाईने एकावर एक मारले, आतल्या थिनरला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही असं समजावं. एका दाराची छटा वेगळी असेल तर रंग दोन वेळा वेगवेगळा मिसळला गेला.

तिसरी टोपली, पत्र्यापर्यंत जावं लागेल असे दोष. फोड, पापुद्रे, सुरकुत्या. फोडांवर वरून रंग मारणं म्हणजे ताप असलेल्या माणसाला पावडर लावण्यासारखं आहे.

आता फोड का येतात ते सांगतो, कारण माझ्या भांडणाचा निकाल इथेच लागला. लांबीमध्ये शंखजिऱ्यासारखी पूड असते, ती पाणी शोषते. आपल्याकडे लांबी घासताना धूळ उडू नये आणि पेपर भरू नये म्हणून सर्रास पाणी मारून घासतात. ते पाणी आत मुरतं. कोरड्या हवेत दोन दिवस थांबलं तर काही निघून जातं. पण पावसाळ्यात, त्याच दिवशी त्यावर सर्फेसर आणि रंग चढवला की पाणी आत कोंडलं जातं. वर कंप्रेसरच्या नळीतूनही पाणी येतं, ते अडवायचा फिल्टर रोज रिकामा केला नाही तर बंदुकीतून रंगाबरोबर पाण्याचे कण उडतात. मग ऊन पडतं, पत्रा तापतो, आतलं पाणी जागा मागतं आणि रंग उचलला जातो. आतला घाम किंवा क्षार राहिला असेल तर तो बाहेरचा ओलावाही ओढून घेतो. म्हणून फोड लगेच येत नाहीत, दोन-चार आठवड्यांनी येतात. पैसे दिल्यावर.

दुसरं मत

मी दुसऱ्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या पेंटरकडे गाडी नेली. त्यांनी यंत्र लावलं. छपरावर दोनशे चाळीस, डिकीवर दोनशे साठ, अगदी ठीक. दाराच्या खालच्या कडेला यंत्राने आकडा दाखवणंच बंद केलं, त्याची मर्यादा दोन हजारांची होती. चाचांनी एका फोडात सुई टोचली. पाण्याचा थेंब आला. स्वच्छ, गंजाचा तांबूसपणा नाही. ते म्हणाले, "पत्रा नवीन टाकलाय, काम मनापासून केलंय. लांबी ओली होती." मग त्यांनी मला विचारलं, "रंग मारला कधी?"

"जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात."

"धो धो पाऊस होता तेव्हा. एवढी घाई कुणाला होती?"

मंडळी, हे मी व्हिडिओत सांगावं की नाही यावर दोन दिवस विचार केला होता. घाई मला होती. दारं उघडल्यावर अपेक्षेपेक्षा जास्त गंज निघाला, त्यात तीन आठवडे गेले. त्या गॅरेजच्या पेंटरने मला स्वतः फोन करून सांगितलं होतं, की हवा ओली आहे, आठ-दहा दिवस थांबा. मी म्हणालो, हॉल बुक आहे, पत्रिका वाटून झाल्या आहेत, काहीही करा. मालक म्हणाला, "थई जशे, साहेब." होऊन जाईल. आणि झालं ते असं झालं.

म्हणजे चूक पूर्ण माझी का? नाही. ओली लांबी झाकायची नाही हे माहीत असणं हा त्याचा धंदा आहे. त्याने मला नाही म्हणायला हवं होतं, किंवा तात्पुरता एक हात मारून, दिवाळीनंतर पक्कं काम करू असं सांगायला हवं होतं. बॉनेटवरचे माशाचे डोळे आणि दाराची छटा, याचा पावसाशी काही संबंध नाही, ती सरळ त्याची हयगय. पण फोडांमध्ये माझा वाटा होता. आणि हे कळल्यावर माझं बोलणं बदललं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा

सकाळी दहाला गेलो, गिऱ्हाईकं येण्याआधी. गाडी उन्हात उभी केली, टेपचे एकवीस तुकडे लावलेले. मालकाला आणि पेंटरला बाहेर बोलावलं. एक फोड त्यांच्यासमोर त्यांच्याच हाताने फोडायला सांगितला. पाणी बघितल्यावर पेंटर मालकाकडे बघू लागला आणि मालक जमिनीकडे. मी म्हणालो, "घाई मी केली, ते मला मान्य आहे. लांबी ओली झाकली, ते तुम्ही मान्य करा. आता पुढे काय करायचं ते बोलू."

चहा आला.

अर्ध्या तासात एका कागदावर सहा ओळी लिहिल्या. उजवं दार आणि मडगार्ड पत्र्यापर्यंत खरवडायचं. पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, लांबी त्यावर, आणि घासायची कोरडी. बॉनेट आणि डावं दार पुन्हा रंगवायचं, रंग एकाच डब्यातला, आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून उन्हात जुळवून दाखवायचा. काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत. मजुरी त्यांची, सामान माझं. प्रत्येक थराचा फोटो पाठवायचा. दोघांच्या सह्या, तारीख. सामानाला चौदा हजार लागले. ते द्यायला मला जड गेलं नाही असं नाही, पण ते माझ्या घाईचं बिल होतं.

समजुतीने मिटलं नाही तर

सगळीकडे चहा येत नाही हे मला माहीत आहे. तेव्हा कायद्याच्या चार गोष्टी.

गॅरेजवाला पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवू शकतो का? शकतो. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर मेहनत आणि कौशल्य खर्च केलं त्याला मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. पण काम ठरल्याप्रमाणे झालेलं असावं लागतं, आणि वेगळा करार असेल तर तो करार चालतो. म्हणून सुरुवातीच्याच कागदावर लिहून घ्या, की रकमेचा दहावा हिस्सा गाडी नेल्यावर पंचेचाळीस दिवसांनी देऊ. माझे तीस हजार मी ट्यूबलाइटखाली देऊन बसलो, ते आठवा.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार वाईट रंगकाम ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मग लेखी नोटीस, पंधरा दिवसांची मुदत देऊन. मग जिल्हा ग्राहक आयोग. वकील लावलाच पाहिजे असं नाही, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून करता येते. आणि परराज्यात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते, गॅरेज दुसऱ्या शहरात असलं तरी. मुदत दोन वर्षं. बिल, फोटो, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि दुसऱ्या पेंटरचं लेखी मत एवढं जपून ठेवा. एक गोष्ट मात्र करू नका. पहिल्या गॅरेजला दुरुस्तीची लेखी संधी देण्याआधी दुसरीकडे सगळा रंग खरवडून टाकू नका. खरवडलेल्या रंगाबरोबर पुरावाही जातो.

रंग बदलायचा विचार असेल तर आरसीवरची नोंदही बदलावी लागते. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आणि तिथे गाडी मूळ रूपात असावी अशी अपेक्षा असते. आमची पद्मिनी त्या वयाला यायला अजून थोडी वर्षं आहेत. तेव्हा रंग आकाशीच.

कागदावरची सातवी ओळ

त्या कागदावर मी नंतर एक ओळ वाढवली. टू-के रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं द्रव्य असतं. फवारताना ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की थोड्याशा वासानेही तो उठतो. खरं म्हणजे बाहेरची शुद्ध हवा नळीने पुरवणारा मास्क हवा, निदान वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा तरी. आमच्या गाडीच्या पेंटरने जुलैमध्ये, दारं बंद केलेल्या शेडमध्ये, तोंडाला ओला रुमाल बांधून माझी गाडी रंगवली होती. हे मला त्यानेच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज. मी हॉलच्या बुकिंगची काळजी करत होतो तेव्हा. सातवी ओळ एवढीच होती, की रंग मास्क लावून मारायचा. तुम्ही कोटेशन घासत घासत खाली आणता तेव्हा पहिल्यांदा काय कमी होतं, तर वाळायचा वेळ आणि मास्क. दोन्ही बिलात दिसत नाहीत.

काम कार्तिकात झालं. अठरा दिवस लागले, मी एकदाही फोन करून कधी होणार असं विचारलं नाही. गाडी मी सकाळी अकराला, उन्हात ताब्यात घेतली. त्यानंतर दोन पावसाळे झाले. बाबांनी रोज पुसून बघितलं आहे. दाराच्या त्या कडेवरून त्यांचा हात अजूनही जरा सावकाश फिरतो, पण अजून मला हाक आलेली नाही.

तुमच्या गाडीला पुरळ उठलं असेल तर रागाच्या भरात निघू नका. आधी टॉर्च घ्या, टेप घ्या, आणि रंग मारला त्या आठवड्यात हवा कशी होती आणि घाई कुणाची होती ते आठवून बघा. पुढच्या भागात क्रोमच्या बंपरबद्दल बोलू. तोवर गाडी सावलीत लावा. भेटू.